फार्गोहून आल्यावर

मिनिॲपोलिस
14 एप्रिल 2025

प्रिय मंजू,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'उद्या करते' म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडला नाही. रागावली असशील. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण हे मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाहीये. नितीनला सांगायला गेले तर तो म्हणतो, "अगं, हरले, संपलं. पुढच्या वर्षी आहेच की." पुढच्या वर्षी! हे शब्द ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते, ते तुला सांगायला नको.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझी शुगर आटोक्यात आहे, नितीनची पाठ अधूनमधून धरते. ते असो.

मी ओवीला घेऊन फार्गोला गेले होते, आपल्या गोफर्सची, म्हणजे मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या आइस हॉकी टीमची, राष्ट्रीय स्पर्धेतली पहिली मॅच बघायला. 27 मार्च, गुरुवार. तिची शाळा बुडवली, माझी रजा टाकली. तेरा वर्षांची झाली आता, पुढच्या सीटवर बसून नकाशा बघत होती. डोक्यावर तुझी मरून टोपी, तीच, गोंडा तुटलेली, जी तू 2008 मध्ये जाताना माझ्या हुकावर विसरून गेलीस. विसरलीस की मुद्दाम ठेवलीस, हे मला अजून कळलेलं नाही. सेंट क्लाउड मागे पडलं, अलेक्झांड्रिया गेलं, आणि पोरगी मला सांगत होती की मॅसॅच्युसेट्सला हरवलं की शनिवारी वेस्टर्न मिशिगन नाहीतर मिनेसोटा स्टेट, आणि मग सरळ सेंट लुईसला फ्रोझन फोर, शेवटच्या चार टीमांची फेरी. मी मान हलवत होते. थांबवायला हवं होतं गं तिला तिथेच. पण मीच मनात सेंट लुईसच्या हॉटेलांचे भाव काढून बसले होते.

स्कोअर तुला माहीत असणारच. चार-चार, ओव्हरटाइम, आणि पाच-चार. तो गोल मी पाहिलाच नाही. पकची काळी चकती कोपऱ्याकडे गेली एवढं दिसलं, मग पुढच्या रांगेतल्या उंच माणसाने मान टाकली, त्याचे दोन्ही खांदे एकदम खाली आले, आणि त्या खांद्यांवरूनच मला कळलं. मी ओवीकडे पाहिलं. तिच्या हातात हॉट चॉकलेटचा कागदी कप होता. तो तिने एवढा घट्ट धरला होता की झाकण उडून सगळं हातमोज्यावर सांडलं, आणि तिला पत्ता नव्हता. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. ती नुसती समोर बघत राहिली. तिकडची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती आणि आपली पोरं बर्फावर जिथल्या तिथे वाकून उभी होती. काठी गुडघ्यांवर आडवी, मान खाली. तो वाक तुला माहीत आहे.

परत येताना फर्गस फॉल्सपर्यंत एक शब्द नाही. मग अंधारात विचारते, "आई, मग आपण आकडे कशाला लिहिले?"

आकड्यांचं तुला सांगायला हवं. नाताळ झाल्यापासून तिने फ्रिजवर एक कागद लावला होता. दर सोमवारी सकाळी दूध पिता पिता पेअरवाइजमधला, राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीमा निवडायच्या क्रमवारीतला, आपला नंबर त्यावर पेन्सिलने लिहायची. ते काय असतं हे मीच तिला शिकवलं. प्रत्येक टीमची प्रत्येकीशी जोडी लावायची, समोरासमोरच्या मॅचेस, दोघींनी खेळलेले सामायिक प्रतिस्पर्धी, आरपीआय (आपले विजय आणि समोरच्यांची ताकद यांचा आकडा), आणि शेवटी कुणी जास्त जोड्या जिंकल्या ते मोजायचं. तू त्याला 'पत्रिका' म्हणायचीस ते सांगितलं तेव्हा पोट धरून हसली. 2006 ला पहिल्याच फेरीत होली क्रॉस कॉलेजकडून हरल्यावर तू म्हणाली होतीस, "छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, आणि वऱ्हाड दारातून परत गेलं." तेही सांगितलं. हे सांगताना मला वाटत होतं मी पोरीला मजा देतेय. आता वाटतं, मी तिच्या हातात हमीपत्र दिलं. सोळांत आपण, वरच्या आठांत आपण, चार टीमांच्या गटात दुसरं मानांकन आपलं, म्हणजे निदान पहिली मॅच आपली. असं मी कधी बोलले नाही, पण सोमवारी नंबर चढला की मी तिच्या कपाळाचा मुका घ्यायचे. त्याचा अर्थ तेरा वर्षांच्या मुलीने काय घ्यायचा?

आपण दोघी 2003 च्या ऑगस्टमध्ये इथे उतरलो. 2002 ला सेंट पॉलमध्ये मेनला ओव्हरटाइममध्ये हरवून, 2003 ला बफेलोत न्यू हॅम्पशायरला लोळवून, गोफर्स लागोपाठ दोन वर्षं विजेते. मॅरिउचीत, आपल्या घरच्या रिंकवर, शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी सांगितलं होतं, पोरींनो, अगदी योग्य वेळी आलात. बावीस वर्षं झाली मंजू. पाच विजेतेपदं आहेत, पण पाचही आपण येण्याआधीची. तू एकदा म्हणालीस, आपलेच पाय पांढरे. असलं अभद्र बोलू नकोस म्हणून मी तुझ्यावर ओरडले होते. फार्गोहून येताना मात्र तेच माझ्या मनात आलं, आणि शेजारी पोरगी बसलेली, म्हणून मी खिडकी उघडून गार वारा घेतला.

आणि दरवेळी मानांकन चांगलं असतानाच. 2014 आठव. नॉर्थ डकोटाविरुद्ध 0.6 सेकंद उरले असताना गोल केला आपण, तू मिरजेत सकाळी स्काइपवर किंचाळलीस आणि काकू देवघरातून धावत आल्या. दोन दिवसांनी फायनलमध्ये युनियनने सात घातले. 2023 ला टँपात तर देशात पहिलं मानांकन. दोन-शून्य पुढे. क्विनिपिॲकने बरोबरी केली, आणि ओव्हरटाइमचा पक पडल्यापासून दहाव्या सेकंदाला संपलं सगळं. हातातोंडाशी आलेला घास. त्या रात्री आपण दोघी फोन कानाला लावून गप्प बसलो होतो.

मग मानांकनाला किंमत काय? या वर्षीचं बघ. बॉस्टन कॉलेज, मिशिगन स्टेट, मेन, वेस्टर्न मिशिगन, अशा चार गटांत चार अव्वल. सेंट लुईसला पोचली एकटी वेस्टर्न मिशिगन. मिशिगन स्टेटला पहिल्याच मॅचमध्ये कॉर्नेलने घरी पाठवलं. मेनचं तर मला फार वाईट वाटतं. देशात तिसरा नंबर, आणि त्यांना ॲलनटाउनला पेन स्टेटसमोर उभं केलं. पेन स्टेट तिथली यजमान, म्हणून नियमाने तिला तिथेच ठेवावं लागतं. चौथ्या मानांकनाच्या टीमला घरचं पब्लिक, आणि अव्वल टीम पाहुणी! पाच-एक हरले. सहा महिने राबून मिळवलेल्या नंबराने निदान स्वतःच्या रिंकवर खेळायचा मान मिळावा, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. तुझं उत्तर मला इथून ऐकू येतंय: "घरच्या रिंकवर तीन आठवड्यांपूर्वी नोट्र डेमने तीनपैकी दोन मॅचेस काढल्याच ना?" हो, काढल्या. बिग टेनच्या, आपल्या लीगच्या, तळाची टीम आमच्या मॅरिउचीत येऊन आम्हाला बाद करून गेली, आणि मिशिगन स्टेटबरोबर वाटून घेतलेलं लीगचं विजेतेपद गळ्यातच राहिलं. तरी मी म्हणेन, मान तो मान.

आणि 2018 चं मी अजून मान्य करणार नाही. तू म्हणालीस, पेन स्टेटकडून हरून दोन आठवडे घरी देव पाण्यात घालून बसलात, तुमचं नशीब दुसऱ्यांच्या हातात गेलं, चूक तुमची. बरोबर आहे. पण 0.0001, मंजू! आरपीआयमधल्या तेवढ्या फरकाने मिनेसोटा डुलुथ सोळांत, आपण बाहेर, आणि त्याच डुलुथने आपल्या सेंट पॉलमध्ये येऊन चषक उचलला. तेव्हा मी तुला म्हणाले होते की तू आता आमच्यातली राहिली नाहीस. ते मात्र मी मागे घेते. सात वर्षं उशीर झाला.

परवा फायनल झाली. वेस्टर्न मिशिगनने बॉस्टन युनिव्हर्सिटीला सहा-दोन हरवलं, त्यांचं पहिलंवहिलं विजेतेपद. मी एकटीच बघत होते. ओवी जिन्यात उभी राहून थोडा वेळ बघून गेली. जाताना म्हणाली, "म्हणजे त्यांचा आकडा खरा होता." एवढंच. कागद अजून फ्रिजवर आहे. तिने काढला नाही, मीही हात लावलेला नाही. टोपी मात्र हुकावर परत गेलीय, आणि ऑक्टोबरमध्ये तिकिटं काढू नकोस असं तिने मला अगदी शांतपणे सांगितलंय. आदळआपट केली असती तर मला चाललं असतं. हा शांतपणा मला झोपू देत नाही. मी तिला आवड दिली की नुसती अपेक्षा, हे मला ठरवता येत नाहीये.

म्हणून एक मागते. 2006 ला जानेवारीतच आपण स्टायपेंडमधून मिलवॉकीच्या फ्रोझन फोरची तिकिटं काढली होती, आपण असणारच म्हणून. होली क्रॉस झाल्यावर मी म्हणाले विकून टाक. तू एकटी बसने गेलीस. विस्कॉन्सिनच्या लाल गर्दीत बसून, आपल्या वैऱ्यांनी बॉस्टन कॉलेजला दोन-एक हरवून चषक उचललेला पाहून आलीस. मी आठ दिवस बोलले नाही. एकाच कुकरचा भात आपण वेगवेगळ्या वेळी जेवलो. तू का गेलीस ते मी कधी विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. ते ओवीला सांग. फोन कर, रविवारी सकाळी ती घरी असते. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल. मी खोलीत नसेन, पण दाराशी असेन.

सोहमची दहावी कशी गेली? गणिताचा पेपर अवघड होता म्हणतात. घराच्या वरच्या मजल्याचं झालं का स्लॅबचं? काकूंना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याचं कळव. भडंगाचं पाकीट मिळालं, दोन दिवसांत संपलं.

तुझीच,
सुमी

ता. क. टोपीचा गोंडा मी शिवून ठेवलाय. मरून लोकर मिळाली नाही, पिवळा लावलाय.