बॅटरी बदलण्याआधी केबल तपासा

संपादक महोदय,

थंडी पडली की ट्रॅक्टरचा सेल्फ (स्टार्टर मोटर) कण्हायला लागतो आणि मालक थेट नवी बॅटरी आणायला निघतो. पुष्कळदा बॅटरी धडधाकट असते, दोष बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या केबलमध्ये असतो. मल्टिमीटर असेल तर हे लगेच कळते. गिअर न्यूट्रलला घ्या, इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप नॉब ओढून ठेवा. मीटरचे लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, शिशावर) आणि काळे टोक केबल जिथे सेल्फवर येते त्या बोल्टवर धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टपर्यंत गेला तर केबल किंवा थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टसाठी भोक असलेली धातूची नळी) गेलेले आहे. मायनस खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांमध्येही असेच मोजा. ही अर्थची (मायनसची) बाजू बहुतेकजण विसरतात.

तयार केबल बाजारात कव्हरच्या जाडीवर विकली जाते, खरे दुखणे तिथेच आहे. जाड पीव्हीसीच्या आत मूठभर तारा, त्याही अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या. म्हणून केबल स्वतः बनवावी. सेल्फला अडीचशे अँपिअर लागतात असे धरले, तर ५० चौरस मिमीची (हा आतल्या तारांचा एकूण छेद), बारीक तारांची तांब्याची वेल्डिंग केबल योग्य. वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही मिळते, तेव्हा एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. वजनही खोटे बोलत नाही : ५० चौरस मिमी तांबे मीटरला सुमारे ४४५ ग्रॅम भरते (कव्हर सोडून), ॲल्युमिनियम जेमतेम १३५. धातू आणि चौरस मिमी कव्हरवर छापल्याशिवाय केबल विकूच देऊ नये, अशी आमची मागणी आहे.

लांबी सुतळीने मोजून १० ते १५ सेंमी जास्त धरा, ताणलेली केबल थरथरीने थिंबलपाशी तुटते. थिंबल ‘५०-१०’ मागितले की ५० चौरस मिमीची नळी आणि १० मिमी बोल्टचे भोक मिळते. सेल्फचा बोल्ट ८ मिमीचाही असतो, आधी मोजा. कव्हर नळीच्या खोलीपेक्षा दोनच मिमी जास्त सोला, एकही तार कापू नका. हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आवळून बसणारी) आधीच केबलवर सरकवून ठेवा. दुसरे थिंबल दाबण्यापूर्वी केबल ट्रॅक्टरवर धरून दोन्ही थिंबलांच्या तोंडांचा कोन खुणेने जुळवा, कारण इतकी जाड केबल नंतर पिळता येत नाही.

दाबायला हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन आणि त्याच मापाची षटकोनी डाय (दाबायचा साचा) हवी. हातोडीने चेपले की तारांमध्ये हवा राहते, तिथे गंज शिरतो, रोध वाढतो आणि सांधा तापतो. नुसत्या शिशाच्या डागावरही विसंबू नका. डाग तारांमधून वर चढतो, तेवढा भाग कडक होतो आणि तो संपतो तिथेच तारा तुटू लागतात. प्रत्येक अवजार-दुरुस्तीच्या दुकानात हे मशीन असायला हवे, निदान भाड्याने तरी मिळावे.

जोडताना अर्थच्या जागेचा रंग चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. केबल सायलेन्सरपासून लांब न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवा. सेल्फच्या या केबलला सहसा फ्यूज नसतो, त्यामुळे कव्हर घासले की सरळ आग. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. पान्हा प्लसवर असताना बॉडीला लागला तरी मग ठिणगी पडत नाही.

शेवटी पहिलेच माप पुन्हा घ्या. दोन मीटर केबलवर आकडा पाव व्होल्टच्या आत राहायला हवा. जास्त आला तर सेल्फ मारल्यावर दोन्ही थिंबलांच्या मानेला हात लावून पाहा. जी गरम लागेल ती कापून नवे थिंबल दाबा.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, जि. सांगली