बाबांना, कचऱ्याच्या टक्क्यांबद्दल

ब्रिस्टल

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आपलं इंदूर सहा प्रकारचा कचरा वेगळा करतं आणि तुमचे इंग्रज अजून चव्वेचाळीस टक्क्यांवर?" नीट सांगायचं म्हणून लिहितेय.

आकडा बरोबर आहे. 2023 मध्ये इंग्लंडच्या घरगुती कचऱ्यातला 44 टक्के पुनर्वापराला गेला. 2000-01 मध्ये तो जेमतेम 11 टक्के होता. दहा वर्षांत चाळिशी ओलांडली आणि मग तिथेच ठाण मांडलं. 2020 पर्यंत 50 गाठायचे होते, ते राहिलंच.

आकडा चढला तो काही लोक एकाएकी शहाणे झाले म्हणून नाही. 1996 पासून इथे खड्ड्यात पुरलेल्या कचऱ्यावर टनामागे कर आहे. आधी 7 पौंड होता, 2014 पर्यंत 80 झाला. तो वाढत गेला तसं नगरपालिकांना घरोघरी वेगळे डबे देणं परवडायला लागलं. मग अडलं का? एक तर टक्केवारी वजनावर काढतात आणि वर्तमानपत्रांची जड रद्दीच कमी झाली. दुसरं म्हणजे बागेतलं गवत, पालापाचोळाही यात धरतात. 2018 चा उन्हाळा कडक गेला, गवत वाढलं नाही, आकडा घसरला. म्हणजे पाऊस बरा झाला की नागरिक जागरूक! मला तर हसूच आलं.

सेव्हर्न नदीचा पूल ओलांडला की वेल्स. तिथे 2023-24 मध्ये 66 टक्क्यांच्या वर. मोजणी थोडी वेगळी आहे, पण फरक खरा आहे. खरकटं दर आठवड्याला वेगळं नेतात, उरलेल्या कचऱ्याची गाडी बऱ्याच गावांत तीन आठवड्यांनी येते. डबा भरून वास यायला लागला की माणूस आपोआप निवडायला बसतो. शिवाय लक्ष्य हुकलं तर नगरपालिकेला टनामागे 200 पौंड दंड होऊ शकतो. इंग्लंडने खरकट्याच्या साप्ताहिक गाडीच्या सक्तीला मार्च 2026 ची मुदत घातली. इतक्या उशिरा!

आता आपलं. स्वच्छ शहरांच्या सरकारी यादीत, स्वच्छ सर्वेक्षणात, 2016 ला पंचविसावे, 2017 ला पहिले. देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर गेला, 2022 पासून तिथे ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, रोज 550 टनांची क्षमता. अभिमान मलाही आहे. पण बाबा, आपला अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, आठवा. रामबागेत आजी रद्दी, तेलाचे डबे, बाटल्या तराजूच्या काट्यावर नजर रोखून विकायची आणि वर चार आणे जास्त मागायची. त्यातला एक किलोही नगर निगमच्या कागदावर नव्हता. पुनर्वापर तेव्हाही होता, फक्त कोणी मोजत नव्हतं. इथे उलट, जुनी गादी न्यायला आपल्यालाच नगरपालिकेला पैसे द्यावे लागतात! म्हणून "आपण पुढे की ते" या वादात मी पडणार नाही. आधी तराजूत काय काय घातलंय ते कळू द्या.

कॉलनीच्या मीटिंगला निगमचे लोक येतात ना, त्यांना एवढं विचारा: अटालेवाल्याकडे जाणारं वजन आता धरतात का? काय म्हणाले ते कळवा.

आईला सांगा, जिरावन मसाला संपत आलाय. मावशी मे महिन्यात येतेय, तिच्याबरोबर दोन पुडे द्या. तिच्या बॅगेत शेव आधीच भरलेली असेल, तेव्हा आत्ताच बोलून ठेवा.

तुमची,
मुक्ता