स्टँडमागच्या रिचार्जवाल्या दादांना, जरा उशिराच

दादा, नमस्कार. हे दहा वर्षांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं, पण तेव्हा आभार कसले, मी तुमच्यावर चिडलोच होतो.

डिसेंबर २०१५ आठवतोय का? बागेत मणी धरलेले, आणि पेपरात पानपानभर जाहिराती, फेसबुकच्या फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक साइट फुकट, बाकी नेटला पैसे. झुकरबर्गने तर इंग्रजी पेपरात लेखच लिहिला, त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती, तो म्हणे फुकटात हवामान बघतो, बाजारभाव बघतो आणि आता नवीन पिकं, जनावरं घेतोय. मी खूश! तुम्ही मात्र विरोधात. तुमच्या दुकानात येऊन म्हटलं, दादा आपल्या शेतकऱ्याचं एवढं कौतुक चाललंय, फुकट मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतंय? तुम्ही कुणाच्या तरी मोबाईलला स्क्रीनगार्ड लावत होता, अंगठ्याने बुडबुडा कडेला ढकलत ढकलत, मान वर न करताच विचारलंत, "त्याला तुझी पानं दिसतील का रे?"

माझी पानं म्हणजे मी आणि चुलतभावाने केलेली ती साधी साइट. द्राक्षाच्या रोगट पानांचे फोटो, बाकी काही नाही. डाऊनी हा द्राक्षावरचा रोग आला की पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि पालथं केलं की पांढरी बुरशी, हे नुसतं लिहून कळत नाही ओ, फोटो मोठा करूनच बघावा लागतो. आणि फ्री बेसिक्सचा नियमच होता की मोठे फोटो नाहीत, व्हिडिओ नाही, शिवाय कोण आत येणार ते त्यांच्या अटींवर. म्हणजे तो शेतकरी फुकटात भाव बघणार आणि आमचं पान बघायला मात्र पैसे मोजणार. मग कोण येतंय?

तरी मी हुज्जत घातलीच. तेव्हा तुम्ही पाटाच्या पाण्याचं बोललात, ते अजून डोक्यात बसलंय. पाणी किती सोडलं त्याची पट्टी घ्या, पण पाटकरी म्हणायला लागला की द्राक्षाला फुकट आणि ज्वारीला दाम दुप्पट, तर उद्या शेतात काय लावायचं ते पाटकरीच ठरवणार. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखीच वागणूक, हा शब्द मला धड म्हणताही येत नव्हता पण त्या दिवशी कळला.

गंमत म्हणजे रिचार्जच्या कमिशनवर पोट तुमचं. फुकटची स्कीम आली असती तर नवी सिमं तुम्हीच विकली असती. तरी त्याआधी एप्रिलमध्येही तुम्हीच गिऱ्हाइकांना थांबवून नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्रायला, म्हणजे टेलिकॉमचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेला, मेल करायला लावत होता, दहा लाखांच्या वर मेल गेले तेव्हा देशातून (आणि ट्रायने ते सगळे ईमेल पत्त्यांसकट साइटवर टाकून दिले, धन्य!). मी तेव्हा केला नव्हता, आज कबूल करतो.

डिसेंबरात मात्र तुम्ही सोडलं नाहीत. काय बघतोय त्यावरून डेटाचा दर वेगळा लावू द्यावा का, यावरचे ट्रायचे चार प्रश्न प्रिंट काढून हातात दिलेत. म्हणालात, फेसबुकवरचं तयार पत्र नको आणि दुसऱ्या बाजूचंही नको, प्रश्न वाच आणि तुझ्या भाषेत उत्तर दे. मी मराठीतच लिहिलं, पानांचे दोन फोटो जोडले. ७ जानेवारीची मुदत होती, आदल्या रात्री तुमच्याच दुकानातून पाठवलं, शटर अर्धं खाली ओढून.

मग ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायचा निकाल. काय बघताय त्यावरून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, लावला तर दिवसाला ५० हजार दंड, जास्तीत जास्त ५० लाख. त्याच आठवड्यात फ्री बेसिक्स इथून गुंडाळलं. माझ्या मेलने झालं असं मी म्हणत नाही, तो कुणी उघडला तरी का देव जाणे, पण लाखोंच्या त्या ढिगात डाऊनीचं एक पान होतं ते तुमच्यामुळे.

साइट अजून चालू आहे, आता व्हिडिओही टाकतो.

आता टेलिकॉमवाले म्हणतायत की व्हिडिओ दाखवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आम्हाला नेटवर्कच्या खर्चाचा वाटा द्यावा. ऐकायला बरोबर वाटतंय, म्हणूनच जरा धास्ती वाटते. दिवाळीला गावी येतोय, दुकानात बसून बोलू. त्या प्रिंटचे पैसे द्यायचे राहिलेत, तेही घ्या.