ऑनर्सच्या आधीचा गृहपाठ

एडिंबरा, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझे मार्क दादाने कळवले, पेढे तिकडे माझ्या वाटचे खा. आता तू इथल्या आणि तिथल्या पदव्यांच्या तुलनेचा तक्ता पाठवलास, त्याकडे वळते. इथलं गणित-स्टॅट्सचं (संख्याशास्त्राचं) ऑनर्स, म्हणजे चार वर्षांची पदवी, ४८० क्रेडिटचं आणि भारतातलं चार वर्षांचं १६० क्रेडिटचं, म्हणून इथे तिप्पट अभ्यास, असं तू लिहिलंस. तो हिशोब चुकलाय. इथे एक क्रेडिट म्हणजे वर्ग, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असे सगळे मिळून १० तास धरतात. तिकडे नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तेच ३० तास. गुणून बघ, दोन्हीकडे ४८०० तास येतात! वर्षाला १२०० झाले आणि शिकवण्याचे-परीक्षेचे ३० आठवडे धरले, तर आठवड्याला ४० तास. त्यातले वर्गात थोडेच जातात, बाकीचे टेबलाशी. (इंग्लंडमध्ये ऑनर्स तीन वर्षांत होतं, ३६० क्रेडिटमध्ये.) आणि इथे ७० टक्क्यांपासून फर्स्ट क्लास, ही गोष्ट आजीला जरा जपून सांग.

खरी अडचण पहिल्या वर्षी अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धतांमध्ये, येते. बारावीत सगळे पहिला धडा, मॅथेमॅटिकल लॉजिक, थोड्या मार्कांचा म्हणून घाईत उरकतात. तोच धडा इथे रोज लागतो. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा आहे की...' (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालेल इतका फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी क्षला दिलेली मोकळीक) या वाक्यात 'प्रत्येक' आधी आणि 'एक' नंतर येतो, आणि तो क्रम उलटला की वाक्याचा अर्थच बदलतो. त्याचा नकार न अडखळता लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नकोस.

उदाहरण घे. क्ष² हे फंक्शन २ पाशी सलग आहे, हे दाखवायचं.

|क्ष² − ४| = |क्ष − २| × |क्ष + २|

हे एप्सिलॉनपेक्षा लहान हवं. मग निम्मी मुलं डेल्टा = एप्सिलॉन ÷ |क्ष + २| असं लिहून मोकळी होतात. ते चालत नाही, कारण डेल्टा क्ष यायच्या आधी ठरवायचा असतो आणि इथे तो क्षवरच टेकलाय. त्यासाठी आधी क्षला कुंपण घालायचं. क्ष हा २ पासून १ च्या आत ठेवला की तो १ आणि ३ च्या मध्ये राहतो, म्हणून |क्ष + २| पाचाच्या आतच. आता डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन ÷ ५ यांतला लहान. रफ वहीत तू एप्सिलॉनकडून डेल्टाकडे आलीस. पक्क्या उत्तरात मात्र डेल्टापासून सुरुवात करून एप्सिलॉनपर्यंत जायचं. रफ आहे तसं उतरवलं की मार्क जातात, आणि रास्तच जातात.

स्टॅट्समध्ये पहिला घोळ व्हेरियन्सचा, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचा. नमुना एन आकड्यांचा, तरी भागायचं एन वजा एकने. का? पाठ करू नकोस, कागदावर करून बघ. चिठ्ठ्या तीन: २, ४, ६. सरासरी ४, खरा व्हेरियन्स ८/३. एक चिठ्ठी काढून परत टाक, दुसरी काढ. अशा जोड्या ९. प्रत्येक जोडीची स्वतःची सरासरी काढून फरकांच्या वर्गांची बेरीज कर: तीन जोड्यांत ०, चारांत २, दोनांत ८. एकूण २४, दर जोडीला सरासरी ८/३. एन वजा एक म्हणजे इथे १; त्याने भागलं की नेमका खरा आकडा. दोनाने भागलं तर ४/३, म्हणजे निम्माच. फरक जोडीच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजले की ते आखूडच भरतात.

गंमत म्हणजे नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाला मॅक्झिमम लाइकलिहूड, म्हणजे हाती आलेला नमुना सर्वांत संभाव्य ठरवणारी किंमत निवडायची रीत, लावलं की भागाकार एननेच येतो. तो आखूड असतो, पण नमुना वाढवत नेला की खऱ्या किमतीकडे सरकतो. लाइकलिहूडच्या समीकरणाचं असं खऱ्या किमतीकडे जाणारं उत्तर ठरावीक अटींखाली एकच असतं, हे १९४८ साली वसंत शंकर हुजूरबाजारांनी दाखवलं. पुणे विद्यापीठातला स्टॅट्सचा विभाग त्यांनीच उभा केला.

आर ही स्टॅट्सची संगणकभाषा शिकायला दोन आठवडे पुरेत. फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. घरभाड्याच्या तक्त्यात पुण्यातल्या पेठांना कसबा १, नारायण २, सदाशिव ३ असे कोड घातलेस, तर रिग्रेशन (इथे पेठेवरून भाड्याचा अंदाज बांधायची रीत) त्यांना आकडे समजतं: कसब्याहून नारायण जितकी महाग, तितकीच नारायणहून सदाशिव. (सदाशिव पेठेतल्या काहींना हे तितकंसं खटकणारही नाही.) तो रकाना आधी फॅक्टर कर, म्हणजे हे आकडे नसून गटांची नावं आहेत असं आरला सांग. मग तीन पेठांचे दोनच सहगुणक दिसतील, कारण उरलेली पेठ तुलनेचा पाया होते. गहाळ झाली समजून शोधत बसू नकोस.

या आठवड्याचा गृहपाठ: क्ष² च्या जागी क्ष³, पुन्हा २ पाशीच. पाचाच्या जागी १९ येतात. ते कुठून आले, तेवढं लिहून फोटो पाठव. रफ पान नको, पक्कं.

दादा-वहिनींना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
आत्या