भिंतीवरची पत्रं

कार्डिफ

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला गेला. बाकी रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते लिहीत नाही.

आई, परवा तू म्हणालीस, "जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याच्या स्मारकापाशी रात्रीचं कशाला जायचं?" आणि मी घाईने फोन ठेवला. म्हणून आता नीट सांगते. रात्र नव्हती. इथे डिसेंबरात चार वाजताच अंधारतं. एकटीही नव्हते, घरमालकीण बाई बरोबर होत्या. कानटोपीसुद्धा घातली होती.

इथे ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' नावाची टीव्ही मालिका १९६३ साली सुरू झाली. १९६६मध्ये मुख्य नटाची तब्येत साथ देईना, तेव्हा मालिकावाल्यांनी गोष्टीतच वाट काढली: हा डॉक्टर परग्रहावरचा, मरणाला टेकला की त्याचा चेहरा, स्वभाव सगळं नवं होतं. त्यामुळे इथे ज्याचा त्याचा 'माझा डॉक्टर' असतो, बहुधा लहानपणी पाहिलेला. १९८९मध्ये मालिका थांबली. मध्ये १९९६ला एक टीव्ही चित्रपट झाला, तेवढाच. २००५ला ती परत सुरू झाली ती याच कार्डिफमधून. बाई म्हणतात, त्या दिवशी मी नवं बघायला बसलेच नव्हते, जुनं किती उरलंय ते तपासायला बसले होते. डॉक्टरचं यान म्हणजे ती निळी पोलीस पेटी दिसली, तिची घरघर ऐकू आली आणि त्यांना रडू फुटलं. तरी कुरकुर होतीच. पूर्वी एक गोष्ट चार-सहा आठवडे चालायची, आता पाऊण तासात संपते! २०१७ला तेरावा डॉक्टर एक नटी होणार असं जाहीर झालं, तेव्हा 'हा माझा डॉक्टरच नव्हे' म्हणणारे खूप निघाले. बाईंची नात मात्र त्याच डॉक्टरपासून मालिका बघायला लागली.

तू म्हणालीस ते स्मारक म्हणजे एक भिंत आहे, याच मालिकेतून निघालेल्या 'टॉर्चवुड' मालिकेतल्या यांटो जोन्सची. २००९मध्ये लेखकांनी त्याला मारलं. त्याला परत आणा म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली, पण तो परतला नाही. मग लोक कार्डिफच्या खाडीकाठी, मालिकेत त्याच्या कचेरीचं दार जिथे दाखवत त्या जागी, फुलं, टाय, फोटो, पत्रं आणून लावू लागले. आजही लावतात. पावसाने शाई उतरते, की नवं पत्र येतं. मृत्यू खोटा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आई. दुःख खोटं नाही. मीही आधी बुजले होते, पण एका आजोबांनी वाकून पडलेलं पत्र पुन्हा टोचलं, तेव्हा मला कसलंच नवल उरलं नाही.

बाबा, मला तुमची फार आठवण झाली. २०१८मध्ये 'धडक' बघून आलात आणि चप्पलही न काढता ओट्यावर बसलात. "जात काढली, शेवटही बदलला, मग 'सैराट' घेतलाच कशाला?" मी तेव्हा म्हटलं होतं, सिनेमाच तर आहे. ते चुकलंच माझं. इतका राग परक्या गोष्टीचा येत नाही कुणाला.

आता घराचं. माजघर पाडून वर मजला चढवायचा म्हणालात तेव्हा मी नको नको ते बोलले. 'आमचं घर आमचं राहणार नाही' असं म्हणाले. पाच वर्षांत दोनदा आलेली मी, आणि गुडघे दुखत असताना त्या अंधाऱ्या पायऱ्या रोज चढते आई. तुम्ही पाडा. पहिला हप्ता सोमवारी बँकेत जमा होईल, दुसरा मार्चमध्ये. मला काही कमी पडत नाही, जादा काम मी आपणहून घेतलंय.

दादाच्या साखरपुड्याला जमणार नाही. लग्नाला येईन, पण चारच दिवस. वहिनीला मी फोन करून सांगेन, तुम्ही सांगू नका. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचं लग्नानंतर बोलू. टाळत नाहीये.

एकच काम करा. त्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग तेव्हा पुसून टाकले गेले. काही परत मिळाले, २०१३मध्ये नऊ भाग नायजेरियात सापडल्याचं जाहीर झालं. पण आवाज मात्र एकूण एक भागाचा शिल्लक आहे, कारण तेव्हा पोरं टीव्हीपुढे माइक धरून, घरच्यांना गप्प बसवून टेप करत. बाईंचा थोरला भाऊ त्यातलाच.

तर पाडायच्या आधी दादाला माजघरातल्या झोपाळ्यावर बसवा, आणि कड्यांचा आवाज फोनवर टिपून मला पाठवा. फोटो नको, आवाजच. आई, मागे तू कुणाला हाक मारलीस तरी चालेल.

तुमची,
ताई