चित्र अख्खं छापा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला विंटरहाल्टरवरचा, म्हणजे राजेरजवाड्यांची चित्रं काढणाऱ्या त्या जर्मन चित्रकारावरचा लेख वाचला, चांगलाय, फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या सख्या, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी सिसी हिच्या केसातल्या हिऱ्यांच्या चांदण्या सगळं आलंय, पण महाराजा दुलीपसिंगाचं १८५४ चं चित्र तुम्ही असं कापलंय की नुसता चेहरा आणि फेटा उरला, आणि खाली कॅप्शन काय तर 'पंजाबचे रुबाबदार महाराज'. अहो कसले महाराज! १८४९ लाच इंग्रजांनी पंजाब घेतला, तेव्हा पोरगं दहा वर्षांचं, राज्य गेलं, कोहिनूर गेला. चित्राला उभा राहिला तेव्हा सोळावं वर्ष संपत आलेलं.

आणि जे कापलंत तिथंच तर सगळं आहे. गळ्यातल्या मोत्यांच्या माळांवर व्हिक्टोरिया राणीची हिऱ्यात मढवलेली छोटीशी तसबीर आहे, म्हणजे ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याच राणीचं चित्र ह्याच्या अंगावर. त्याच्या आदल्याच वर्षी तो ख्रिश्चन झालेला, केस कापलेले, तरी फेटा, शिरपेच सगळं जागच्या जागी, कारण राणीला हवा होता तो राजबिंडा राजपुत्र. उभा बकिंगहॅम पॅलेसमधे आणि मागे देखावा हिंदुस्तानातला, जिथं विंटरहाल्टर कधी आलाच नाही! आणि उंची? म्हणतात की पोरगा अजून वाढेल म्हणून चित्रकारानं आधीच उंच काढून ठेवला, पोरगा काही तेवढा वाढला नाही. ही गंमत दोन मीटरचं चित्र पायापर्यंत बघितल्याशिवाय कशी कळणार?

ह्याच सीटिंगमधे राणीनं त्याला कोहिनूर दाखवला, त्याच्या इंग्रज पालकाची बायको लेडी लॉगिन, तिच्या आठवणीत आहे ते. १८५२ ला पैलू पाडताना १८६ कॅरेटचा हिरा १०५ च्या आसपास आणून ठेवलेला, ह्यानं तो खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळला आणि परत राणीच्या हातात दिला, चित्रकार तिथंच. विंटरहाल्टरला मी नावं ठेवत नाही हं, शेतकऱ्याचा मुलगा, राजेलोकांना आवडेल ते काढून वर आलेला, आणि हात तर सुरेखच.

पुणेकराला हे नवीन नाहीये म्हणा. दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला आठ लाख देऊन गंगेकाठी ब्रह्मावर्तात बसवलं, ह्या पोरालाही पेन्शन लावून गंगेकाठीच फत्तेगडला नेऊन ठेवलं.

लेखात त्याच्या आईचं तर नावही नाही. राणी जिंदन १८६३ ला लंडनमधे वारली, पंजाबात न्यायची परवानगी नाही म्हणून तिची समाधी बांधली कुठे, तर आपल्या नाशिकला, गोदावरीकाठी. मराठी पेपरात ही एक ओळ तरी यायला हवी होती की नको?

तेव्हा पुढच्या रविवारी ते चित्र डोक्यापासून पायापर्यंत रंगीत छापा, एखादी फ्लॅटची जाहिरात कमी घेतलीत तरी आम्ही वाचक तक्रार करणार नाही.

आपला,
एक जुना वाचक, सदाशिव पेठ, पुणे