मंद्यास पत्र: कुंड्या जागच्या हलू नयेत म्हणून

पुणे,
रविवार

प्रिय मंद्या,

तुझं पत्र कसलं, फिर्यादच होती! फाटकाजवळच्या कुंड्या पुन्हा गेल्या आणि आता कमिटी आणखी कॅमेरे लावणार म्हणे. अरे, कॅमेऱ्यात दिसणार काय? माकडटोपी घातलेला कुणीतरी, आणि स्कूटरवर त्याच्या पायाशी तुमचं अडेनियम. 2023 मध्ये गुरुग्रामला जी-20साठी रस्त्याकडेला मांडलेल्या कुंड्या भरदिवसा आलिशान गाडीत घालून नेल्या. व्हिडिओ देशभर फिरला, म्हणून माणूस पकडला गेला. तुमच्या जास्वंदीसाठी एवढी धावपळ कोण करणार? आणि त्या गाडीवरून एवढं तरी घे, की दर वेळी वॉचमनकडे किंवा कामवाल्या बाईंकडे बोट दाखवायचं कारण नाही.

चोराला हवी असते हलकी कुंडी. नर्सरीतून येते ती प्लास्टिकची, आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. एका हातात उचलून चालू पडावं अशी. तेव्हा फाटकापाशी सिमेंटचीच ठेव. दीड फुटी कुंडी मातीने भरून पाणी घातलं की 50 किलोंच्या वर सहज जाते.

तरीही दोघं मिळून उचलतीलच, म्हणून साखळी. कुंडी रिकामी असतानाच तळाच्या भोकातून गॅल्व्हनाइज्ड साखळी आत ओढून घ्यायची, तिच्या वरच्या कडीत वीतभर सळई आडवी घालायची, मग वर खडी आणि माती. खालचं टोक फरशीत ठोकलेल्या अँकर बोल्टला. कुंडीखाली विटा ठेवायला विसरू नकोस, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतील. मातीच्या कुंडीला हा प्रयोग नको, झटका बसला की तळच निघतो. आणि खाली पार्किंग असेल तिथे ड्रिल अजिबात लावू नकोस. वॉटरप्रूफिंग फुटलं की कुंडीचोर परवडला असं म्हणशील! तिथे साखळी सरळ ग्रिलला बांध.

बाहेरच्या बाजूला ऑइल पेंटने सोसायटीचं नाव लिही, चांगलं हातभर मोठं. घाण दिसतं, कबूल. पण ती कुंडी कुणाच्या हॉलमध्ये शोभत नाही, हाच फायदा.

अडेनियम, बोन्साय वगैरे लाड गॅलरीत. बाहेर सदाफुली, कण्हेर, कोरफड. मनी प्लांटचं वेगळंच आहे. तो चोरून आणला तरच वाढतो असं चांगली शिकलेली माणसंही मानतात! त्यावर उपाय नाही. वहिनींना सांग, पावसाळ्यात फांद्या तोडून बाटल्यांत घाला आणि लोकांना वाटून टाका. पहाटे पिशवी घेऊन देवासाठी जास्वंद खुडणाऱ्या आजोबांनाही साखळी लागू पडत नाही. त्यांना हात जोडायचे.

पोलिसांत जायचं का विचारलंस. जा की. नव्या भारतीय न्याय संहितेत 5,000 रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. तुमच्या चौकातल्या दुभाजकातल्या झाडांना महिनाभर पाणी घालायला लावलं तर मी मुद्दाम बघायला येईन.

जिन्यातल्या कुंड्या मात्र चोर नेईपर्यंत थांबू नका, स्वतःच हलवा. आग लागली तर तीच पळायची वाट आहे.

ड्रिल माझ्याकडे पडून आहे, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. बोल्ट तुझे तू आण.

तुझा,
सुध्या